शून्याचा अर्थ

आमच्या वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थी हल्लीं सी भाषेंत प्रोग्रॅम लिहूं लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु त्यांचें काम तपासतांना एक दोष वारंवार आढळतो, आणि तो लहान नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. एका प्रोग्रॅमनें दुसऱ्यास कामास लावावें आणि तें काम कसें संपलें याची नीट चौकशी करूं नये, हा तो दोष होय.

पालकांसाठीं थोडा खुलासा करितों. १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं आरंभिलेल्या युनिक्स प्रणालींत, आणि १९९१ सालीं निघालेल्या लिनक्समध्येंही, चालू असलेल्या प्रोग्रॅमला प्रोसेस म्हणतात. एक प्रोसेस 'फोर्क' या आज्ञेनें दुसरी निर्माण करिते; पहिलीस जनक व दुसरीस अपत्य म्हणावें. अपत्य काम संपवितांना ० ते २५५ यांपैकीं एक अंक मागें ठेवितें. शून्य म्हणजे काम यथास्थित झालें. अन्य अंक म्हणजे कांहीं तरी बिघडलें. जनकानें 'वेट' ही आज्ञा देऊन तो निरोप घ्यावयाचा असतो. तोंपर्यंत संपलेल्या अपत्याचें नांव प्रणालीच्या पटावर तसेंच राहतें. त्यास 'झोंबी' म्हणतात.

येथवर बहुतेक विद्यार्थी येतात. खरी चूक पुढें होते. प्रत्येक अपत्य आपण होऊन संपतें असें नाहीं. मेमरी अपुरी पडली म्हणजे लिनक्स एखाद्या प्रोसेसला ९ क्रमांकाचा सिग्नल देऊन ठार करितो. 'वेट' पासून जी संख्या मिळते, तिच्या खालच्या सात बिटांत लिनक्स सिग्नलचा क्रमांक ठेवितो, आणि अपत्याचा अंक वरच्या आठ बिटांत. ठार झालेल्या अपत्यानें अंक ठेविलेलाच नसतो. म्हणून तेथें शून्य दिसतें. जो तेवढेंच वाचील, त्यास मरण हेंच यश वाटेल!

समजा, गुणपत्रकांची नक्कल करण्यास एक अपत्य लाविलें, आणि तें अर्ध्यावर मारलें गेलें. जनकानें शून्य वाचलें, नक्कल पुरी झाली असें मानलें व मूळ पत्रकें पुसून टाकिलीं. वर्षाचे श्रम गेले, आणि चूक कोणाच्याही ध्यानांत आली नाहीं.

म्हणून विचारण्याचा क्रम पाळावा. आधीं 'डब्ल्यूइफएक्झिटेड' नें पाहावें कीं, अपत्य आपण होऊन संपलें काय? उत्तर होकारार्थी आलें तरच 'डब्ल्यूएक्झिटस्टेटस' नें अंक वाचावा. 'डब्ल्यूइफसिग्नल्ड' नें तें मारलें गेल्याचें कळल्यास 'डब्ल्यूटर्मसिग' नें सिग्नल ओळखावा.

कोणी म्हणतील, दहा ओळींच्या प्रोग्रॅमला इतका खटाटोप कशास? आमचें उत्तर असें कीं, दहा ओळी लिहितांना जी सवय जडते, तीच दहा हजार ओळी लिहितांना हातांत राहते. पालकांसही आमची एक विनंती आहे. "माझा प्रोग्रॅम चालला," असें मुलानें घरीं सांगितल्यास, "तो संपला कसा?" एवढें अवश्य विचारावें. या प्रश्नास संगणकाचें ज्ञान लागत नाहीं. आणि उत्तर देण्यासाठीं मुलास आपलें लिखाण पुन्हा एकदां वाचावें लागेल.