नावं ठेवणाऱ्यांना नावं ठेवण्याआधी

2022 च्या हंगामात मी लिहिलेल्या कोडमुळे काही गावांतल्या टोमॅटोवाल्यांना एक मेसेज वेळेवर गेला नाही. मी तेव्हा पीक-सल्ल्याचं ॲप बनवणाऱ्या एका कंपनीत होतो. शेतातल्या कामगंध सापळ्यांत किती पतंग अडकले याचे आकडे आमच्याकडे यायचे. आकडा ठरावीक मर्यादेपुढे गेला की त्या गावातल्या शेतकऱ्यांना सूचना जायची. त्या आठवड्यात सापळ्यांत पतंग भरपूर होते आणि सूचना मात्र शून्य.

कारण शोधायला दोन दिवस लागले. आमच्या डेटाबेसमध्ये एका किडीच्या दोन किडी झाल्या होत्या. काही आकडे ‘टुटा ॲब्सोल्यूटा’ या नावाखाली येत होते, तर बाहेरून घेतलेल्या एका यादीने नाव बदलल्यामुळे काही आकडे ‘थॉरिमिया ॲब्सोल्यूटा’ या नावाखाली. पतंग तोच. पण आकडे दोन रकान्यांत वाटले गेले आणि दोन्ही रकाने मर्यादेच्या खालीच राहिले.

मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, “या शास्त्रज्ञांना दुसरे उद्योग नाहीत का? चांगलं चाललेलं नाव बदलायचं कशाला?” सगळे हसले. ते ‘कोणीतरी’ म्हणजे मीच होतो.

हा लेख माझ्या त्या वाक्याविरुद्ध आहे. ते वाक्य मला नंतर फार ठिकाणी ऐकू आलं: इंजिनिअरांकडून, कृषी पदवीधरांकडून, एकदा तर जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांकडूनही. वर्गीकरण म्हणजे तिकिटं जमवण्यासारखा छंद, आणि नावं म्हणजे बरणीवरची चिठ्ठी, असा एकूण समज आहे. चिठ्ठी एकदा लावली की लावली, ती सारखी कशाला काढायची?

तर या पतंगाच्या चिठ्ठीची कुंडली आधी पाहू.

पतंग जेमतेम पाच ते सात मिलिमीटर लांबीचा, करडा-तपकिरी, ठिपकेदार. तांदळाच्या दाण्याएवढा म्हटलं तरी चालेल. 1917 मध्ये एडवर्ड मेरिकने त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. नमुना आला होता पेरू देशातल्या वानकायो या अँडीज पर्वतातल्या गावाहून. मेरिक हा इंग्लंडमधल्या मार्लबरो इथल्या शाळेत मास्तर. शाळा सांभाळून या माणसाने जगभरच्या बारीक पतंगांच्या चौदा हजारांहून अधिक जातींची वर्णनं लिहिली. ‘एक्झॉटिक मायक्रोलेपिडोप्टेरा’ नावाचं नियतकालिक 1912 पासून तो स्वतःच काढत असे. भारतातून टी. बेनब्रिग फ्लेचर हा बिहारमधल्या पुसा इथला सरकारी कीटकशास्त्रज्ञ त्याला नमुने पाठवायचा. आपल्याकडच्या कित्येक बारीक पतंगांच्या नावापुढे मेरिक लागतं ते यामुळे.

मेरिकने या पेरूच्या पतंगाला ‘थॉरिमिया’ या प्रजातीत टाकलं. (प्रजाती म्हणजे जीनस. आपली वर्तमानपत्रं हा शब्द स्पीशीजसाठी वापरतात, पण त्याला जाती म्हणायचं. प्रजातीचं नाव आडनावासारखं असतं, फक्त आधी लिहायचं.) याच थॉरिमिया घराण्यात बटाट्याचा पतंग आहे, थॉरिमिया ऑपरक्युलेला. तो आपल्या चांगल्या परिचयाचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीहून आलेल्या बटाट्याच्या बेण्याबरोबर तो मुंबई इलाख्यात उतरला आणि इथलाच झाला.

पुढे साठच्या दशकात ॲब्सोल्यूटाला आधी नोरिमोशेमा आणि मग स्क्रोबिपाल्पुला या प्रजातींत हलवलं गेलं. 1987 मध्ये चेक कीटकशास्त्रज्ञ दालिबोर पोवोल्नी यांनी त्याला स्क्रोबिपाल्पुलॉइडिसमध्ये नेलं, आणि 1994 मध्ये त्यांनीच तिथून काढून टुटामध्ये. 2021 मध्ये चँग आणि मेट्झ या दोघांनी शरीररचनेच्या लक्षणांचं नव्याने विश्लेषण करून त्याला परत थॉरिमियात आणलं. एकशे चार वर्षांनी पतंग मूळ घरी.

हे वाचून माझ्या मीटिंगमधलं वाक्य आणखी जोरात म्हणावंसं वाटेल. शंभर वर्षं फिरून पुन्हा तिथेच यायचं होतं तर फिरलात कशाला? मान्य करतो की या तक्रारीत तथ्य आहे. प्रजातींचे बारीक बारीक तुकडे पाडायचा सोस काही शास्त्रज्ञांना होता आणि आहे. सात वर्षांत एकाच किडीची दोनदा बदली झाली, तर तिच्याशी झुंजणाऱ्याने कोणतं पुस्तक उघडायचं?

पण मेरिकचं थॉरिमिया आणि 2021 चं थॉरिमिया यांत फरक आहे. मेरिकने पंखांच्या शिरा, मुखांगं असली बाहेरून दिसणारी लक्षणं पाहून अंदाज बांधला होता. जननेंद्रियांच्या रचनेवरून वर्गीकरण करायला त्याचा विरोध होता. तो हातातल्या भिंगावर भागवायचा. त्याच्यानंतरच्यांनी पतंगाच्या पोटाचं टोक कापून, कॉस्टिक पोटॅशमध्ये मऊ करून, काचपट्टीवर पसरून पाहिलं, तेव्हा मेरिकच्या प्रजाती जागोजागी उसवल्या. 2021 मध्ये प्रश्न असा होता की ही सगळी लक्षणं एकत्र मांडली तर ॲब्सोल्यूटाचे सर्वांत जवळचे नातेवाईक कोण? उत्तर मेरिकच्या अंदाजाशी जुळलं. गणितात उत्तर बरोबर आलं म्हणून पायऱ्या लिहायच्या नाहीत, असं आपण कुणाला शिकवतो का?

यात एक बारकावा आहे, जो मला इंजिनिअर म्हणून फार आवडला. प्राणिशास्त्रात जातीच्या नावापुढे वर्णन करणाऱ्याचं नाव आणि साल लिहितात. ती जात पुढे दुसऱ्या प्रजातीत हलवली गेली असेल, तर ते नाव आणि साल कंसात जातं. म्हणजे टुटा ॲब्सोल्यूटाच्या पुढे मेरिक कंसात होता. 2021 मध्ये पतंग मूळ प्रजातीत परतला आणि कंस गळून पडला. एका कंसात बदलीचा अख्खा इतिहास. आमच्या डेटाबेसमध्ये या कंसाला जागाच नव्हती. डेटा ‘स्वच्छ’ करताना आम्ही सगळे कंस उडवले होते.

चूक तिथेच होती आणि ती आमची होती. जे विधान आहे त्याला आम्ही ओळखक्रमांक समजलो. प्रजातीचं नाव म्हणजे नात्याबद्दलचा दावा. पुरावा बदलला की दावा बदलणारच. न बदलणारा क्रमांक हवा असेल तर तो वेगळा ठेवायचा, हे कोणत्याही कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाच्या पोराला माहीत असतं. वनस्पती संरक्षणवाल्यांनी तो कधीच केलाय. युरोपातल्या ईपीपीओ या संघटनेच्या यादीत या किडीला सहा अक्षरांचा कोड आहे: जी-एन-ओ-आर-ए-बी. ही नोरिमोशेमा ॲब्सोल्यूटाची अक्षरं. ते नाव केव्हाच मेलं, टुटा आलं आणि गेलं, कोड तसाच आहे. आम्हाला फक्त एक रकाना जोडायचा होता. त्याऐवजी आम्ही शास्त्रज्ञांना हसलो.

आता नाव चुकलं तर काय होतं, ते सांगतो. हे डेटाबेसमधलं नाही, आमच्या घरातलं आहे.

ही कीड 2006 मध्ये स्पेनमध्ये पोचली आणि तिथून भूमध्य समुद्राच्या दोन्ही काठांनी पसरत गेली. 2014 च्या अखेरीस महाराष्ट्र आणि कर्नाटकातून तिच्या नोंदी झाल्या. पुढच्या वर्षी माझ्या मामाच्या जुन्नर तालुक्यातल्या एक एकर टोमॅटोत पानांवर पांढुरके चट्टे दिसायला लागले. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो, सुट्टीत तिकडे गेलेलो. मामा पान घेऊन औषधाच्या दुकानात गेला. दुकानदाराने पान उलटंपालटं केलं आणि म्हणाला, नागअळी.

नागअळी आपल्याकडे जुनी. ती पानात नागमोडी रेघ ओढत जाते. पण ती माशीची अळी आहे. मामाच्या पानांवर रेघा नव्हत्या, पसरट चट्टे होते, आणि आत होती पतंगाची अळी. तिच्या डोक्यामागे एक बारीक काळी पट्टी असते. भिंग असलं आणि काय पाहायचं ते ठाऊक असलं तर दिसते. मामाने माशीच्या अळीवरचं औषध दोनदा मारलं. प्लॉटमध्ये फळ पोखरणाऱ्या अळीसाठीचा कामगंध सापळाही लावलेला होता. तो रिकामा. मामा म्हणाला, “पतंग न्हाई पडत, म्हंजी पतंगाची भानगड न्हाई.” तर्क बरोबर होता. पण सापळ्यातली गोळी एकाच जातीच्या नराला बोलावते. फळ पोखरणाऱ्या अळीची गोळी या पतंगासाठी मातीचं ढेकूळ. इतकंच काय, सख्ख्या भावकीतल्या बटाट्याच्या पतंगाची आणि याची गंधरसायनंही वेगळी आहेत.

तिसऱ्या तोड्याला फळांवर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रं निघाली. क्रेटच्या क्रेट बांधावर ओतले. उपाय केले नाहीत तर ही कीड ऐंशी ते शंभर टक्के पीक खाऊ शकते हे मी नंतर वाचलं. मामाला ते वाचायची गरज नव्हती. दुकानदाराला मी दोष देत नाही. त्याच्याकडे जे नाव होतं ते त्याने दिलं.

आणि इथे माझ्या धंद्याकडे येतो. गेली काही वर्षं मला सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य आहे: “फोटो काढा, एआय सांगेल.” हे विकणाऱ्यांत मीही होतो, म्हणून सांगतो. मॉडेल तेवढीच नावं सांगतं जेवढी त्याला शिकवली. 2014 मध्ये भारतातल्या टोमॅटोच्या किडींवर शिकवलेलं मॉडेल कुणाकडे असतं, तर त्याने मामाच्या पानाला काय म्हटलं असतं? नागअळी, आणि तेही टक्केवारीसकट. दुकानदाराची चूक एका गावापुरती होती, आमची एका सेकंदात पाच जिल्ह्यांत गेली असती. ‘हे मला माहीत नसलेलं काहीतरी आहे’ असं म्हणायला ज्याने आधीची सगळी माहीत असलेली पाहिली आहेत असा माणूस लागतो. या पतंगाचं गेलेकिइडी हे कुटुंब साडेचार हजारांहून अधिक ज्ञात जातींचं आहे. बहुतेक सगळे असेच बारके आणि मळकट. नुसत्या पंखांवरून त्यांतले कित्येक ओळखता येत नाहीत, पोटाचं टोक कापावंच लागतं. आमच्या प्रशिक्षण-संचातलं प्रत्येक खात्रीचं लेबल अशा कुणीतरी काचपट्टीवर घालवलेल्या दुपारींतून आलेलं असतं. आमच्या बजेटमध्ये सर्व्हर होता, फोटो जमवणारी पोरं होती, जाहिरात होती. ती दुपार नव्हती.

ती कुणाच्याच बजेटमध्ये नसते. शोधनिबंधाची किंमत तो किती जणांनी उद्धृत केला यावर ठरते. ॲब्सोल्यूटावर दर वर्षी निबंधांचा ढीग निघतो. प्रत्येकात पहिल्याच ओळीत ‘मेरिक, 1917’ असतं आणि संदर्भसूचीत बहुधा नसतं. म्हणजे नाव देणाऱ्याचं काम सगळे वापरतात आणि हिशेबात ते शून्य धरलं जातं. असं काम करून कोणता तरुण नोकरी टिकवेल? मेरिकला पगार शाळा द्यायची. शंभर वर्षांनंतरही आपण या विद्येला मास्तरांच्या फावल्या वेळेचा उद्योगच समजतो.

आपल्या देशापुरतं तर आणखी एक लचांड. मेरिकचा संग्रह लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. त्याने नाव दिलेल्या भारतीय पतंगाबद्दल शंका आली, तर शेवटचा निवाडा ज्या मूळ नमुन्यावरून करायचा तो तिथल्या पेटीत. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत पुसाचा राष्ट्रीय कीटकसंग्रह आहे आणि त्याचं मोल मोठं आहे; पण संग्रह स्वतःहून बोलत नाही, त्याच्यापुढे बसणारी माणसं लागतात.

माझ्या क्षेत्रातल्यांना पटेल असं उदाहरण देतो. 2014 मध्येच ओपनएसएसएलमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाची खोट सापडली. तेव्हा जगाला कळलं की अर्ध्या इंटरनेटचं कुलूप मूठभर माणसं जवळपास फुकटात सांभाळतायत. मग मोठ्या कंपन्यांनी पैसे काढले. त्याच वर्षी आपल्या टोमॅटोत हा पतंग आला. त्यावरून आपण कीटकनाशकांवर पैसे काढले.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. जे कोणी किडींच्या नावांवर धंदा करतात, म्हणजे ॲपवाले, औषधवाले, विमावाले, त्यांनी नावं सांभाळणाऱ्यांच्या पगाराचा वाटा उचलावा. विद्यापीठांनी एका प्रजातीची नीट केलेली फेरतपासणी दहा फवारणी-चाचण्यांच्या निबंधांपेक्षा कमी धरू नये. निबंध लिहिणाऱ्यांनी ‘मेरिक, 1917’ सूचीत लिहावं. एक ओळ जास्त होते, दुसरं काही बिघडत नाही. आणि इंजिनिअरांनी कंस उडवू नयेत.

गेल्या दिवाळीत मामाला सांगितलं की टुटाचं नाव बदललं, आता ती बटाट्याच्या पतंगाच्या घराण्यात धरतात. मला वाटलं, तोही हसेल. तो तंबाखू मळता मळता थांबला.

“बटाट्याच्या अळीची भाऊबंद व्हय ही?”

“हो. बटाट्याच्या पाल्यावर पण जगते.”

“मंग औंदा खालच्या वावरात बटाटा न्हाई लावायचा. शेजारीच टोमॅटो हाय.”