हाताला चव नसते

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधल्या काळात वाचलं थोडं, पाहिलं त्याहून थोडं, आणि रांधलं नेहमीइतकंच. तिन्हींतून एकच गोष्ट डोक्यात घोळत राहिली, ती लिहून टाकते. नातेवाईक मंडळींना झोंबेल कदाचित, पण इलाज नाही.

वाचलं ते 'रुचिरा'. हसू नका! कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली आलं. इतकी वर्षं लागेल तसं उघडत होते, यंदा कादंबरीसारखं सलग वाचलं. बाईंनी सगळं वाटी-चमच्याच्या मापात बसवलं. सासूच्या हाताखाली कधी न शिकलेली, पार अमेरिकेत एकटीने बिऱ्हाड थाटलेली मुलगीसुद्धा त्यावरून पुरणपोळी करू शकली. आता मला सांगा, चव जर हाताला असती तर ती पुस्तकातून कशी गेली असती?

"आईच्या हाताला चव आहे" हे वाक्य आपल्याकडे कौतुक म्हणून खपतं. पण एकदा चव हाताला आहे असं ठरलं, की ते काम दुसऱ्या कुणाकडे जातच नाही. मुलाकडे नाही, नवऱ्याकडे नाही, पोळ्यावाल्या बाईंकडेही नाही. मी आयुष्यभर मराठीचं व्याकरण शिकवलं आणि बरं शिकवलं. माझ्या जिभेला व्याकरण आहे असं कोणी म्हणालं नाही. तिथे अभ्यास लागतो हे सगळ्यांना कळतं!

पाहिला तो 'मिसेस', २०२५ चा. जिओ बेबी यांच्या २०२१ च्या 'द ग्रेट इंडियन किचन' या मल्याळी चित्रपटावरून आरती कडव यांनी हिंदीत केलेला. त्यातल्या सासऱ्यांना मिक्सरची चटणी चालत नाही, पाट्यावरचीच लागते. तेही आवाज न चढवता, गोड बोलून. चित्रपट आला तेव्हा पुरुषांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एका संघटनेने, स्वयंपाकात कसला आलाय ताण, असा जाहीर सवाल केला होता. केंद्र सरकारची २०२४ ची वेळ-वापर पाहणी सांगते की घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ८८. २०१९ साली हेच आकडे २९९ आणि ९७ होते. बायकांची दहा मिनिटं वाचली ती मिक्सरच्या कृपेने म्हणू. पुरुषांची नऊ कुठे गेली? "आईच्या हातची चव" असं मोबाईलवर लिहिण्यात गेली असावीत.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की घरच्या अन्नात प्रेम असतं, ते विकत मिळत नाही. मुंबईच्या गिरणगावात खानावळवाल्या बायका कोकणातून, घाटावरून एकट्या आलेल्या कामगारांना पैसे घेऊन रोज जेवू घालत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. पैसे मोजले म्हणून त्या भाकरीने कुणाची भूक कमी भागली का?

आमच्या सांगवीत संध्याकाळी पोळीभाजी केंद्रापुढे गर्दी असते. चाकणहून कंपनीच्या बसने दमून आलेल्या मुली, आयटीतली पोरं. माझ्याच वयाची काही मंडळी जाताजाता म्हणतात, "घरी चूल पेटत नाही वाटतं!" नाही पेटत. दुसऱ्या कुणाची तरी पेटली आहे, आणि तिला घरभाडं आणि मुलांची फी भरायची आहे. पोळीमागे रुपया वाढला की कुरकुरणारीही हीच मंडळी, ते वेगळंच.

असो. रांधलं ते वालाचं बिरडं. भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, तुझ्यासारखं कुणाला जमतच नाही." जमेल रे बाबा, लिहून घे. दोन वाट्या कडवे वाल रात्री भिजत घाल. सकाळी उपसून फडक्यात बांध. दुसऱ्या दिवशी मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक सोल. तासभर जाईल, क्रिकेट बघत सोललेस तरी चालेल. मोहरी, जिरं, हिंग, हळदीची फोडणी कर, डाळिंब्या परत, दोन वाट्या गरम पाणी घालून झाकण ठेव. डाव हलक्या हाताने फिरव. आमसुलं आणि गूळ शिजल्यावरच, आधी घातलेस तर दाणे कडक राहतात. वरून वाटीभर ओलं खोबरं. आणि सालं ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायची असतात, ओट्यावर ठेवून उठायचं नसतं.