मस्तकाचा बाजार

नागा माणसाची, शिंगे जडविलेली कवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये इंग्लंडातील ऑक्सफर्डशायर परगण्यात लिलावास मांडली गेली. नागालँडातून निषेध उठल्यावर ती मागे घेण्यात आली. चमत्कारिक वस्तूंचे व्यापारी स्वतःस संस्कृतीचे रक्षक म्हणवितात. आम्हा कारकुनांना साध्या कागदाचीही आवक नोंदवावी लागते : कोठून आला, कोणी धाडला. मग माणसाचे मस्तक प्रथम कोणी, कोणाच्या संमतीने उचलले, हे विचारावयास नको काय? ऑक्सफर्डच्याच पिट रिव्हर्स संग्रहालयाने २०२० साली मानवी अवशेष प्रदर्शनातून हलविले. संग्रहालयास जो संकोच वाटला, तो बाजारास का वाटू नये? ‘आदिवासी कला’ असे नामकरण केल्याने अस्थींचा विक्रय रसिकता ठरत नाही. आधी वारसांचा शोध घ्यावा. रक्षणाच्या गोष्टी मागाहून सांगाव्यात.