पडदा आणि पाषाण

इराणी स्त्रीच्या पडद्याविषयी आपल्याकडे जो कळवळा व्यक्त होतो, त्यामागे बहुधा एक सोयीस्कर समजूत असते : हा प्रश्न परक्यांचा आहे. शिरीन नेशात यांची ‘विमेन ऑफ अल्लाह’ (१९९३-९७) ही छायाचित्रमालिका या समजुतीला छेद देते. चादरीबाहेर उरलेल्या चेहऱ्यावर, हातापायांवर तेथे फार्सी अक्षरे उमटली आहेत. पडद्यातील स्त्री मुकी असते, हे आपले गृहीतच ती अक्षरे नाकारतात. १९३६ मध्ये रझा शाहने चादर बळाने उतरवली. १९७९ च्या क्रांतीनंतरच्या सत्तेने डोके झाकण्याची सक्ती केली. दोन्ही वेळा देह स्त्रीचा होता आणि निर्णय सत्तेचा. वस्त्रापेक्षा हा अधिकारच खरा पडदा होय.

हा निकष तंजावरच्या मराठी राज्याच्या वारशालाही लावला पाहिजे. प्रतापसिंहाच्या (१७३९-६३) दरबारातील मुद्दुपळनी या गणिकेने ‘राधिकासांत्वनम्’ हे तेलुगू काव्य रचले आणि त्याच्या प्रारंभी आपली स्त्रीपरंपरा अभिमानाने नोंदवली. पुढील संपादकांनी नेमका तोच भाग गाळला. बंगळूर नागरत्नम्मा यांनी १९१० मध्ये काव्य समग्र छापले, तेव्हा इंग्रज सरकारने ते अश्लील ठरवून त्यावर बंदी घातली. तिच्या समर्थनार्थ एतद्देशीय सुधारकांचे शब्दही तयारच होते. चेहरा उघडा असलेल्या स्त्रीची वाणी झाकण्यासाठी चादर लागत नाही. संपादकाची कात्री पुरते.

याच नागरत्नम्मांनी तिरुवैयारु येथे कावेरीकाठी स्वतःच्या मिळकतीतून त्यागराजांचे समाधिमंदिर उभारले. तरी तेथील आराधनेत स्त्रियांना गाण्याची मुभा नव्हती. त्यांनी स्त्रियांची वेगळी आराधना भरवली; १९४० च्या सुमारास तट मिटले, तेव्हा कोठे स्त्रियांचा आवाज उत्सवात सामील झाला.

१९५२ मध्ये त्या वारल्या. आज तेथे समाधीकडे तोंड करून बसलेली त्यांची पाषाणमूर्ती आहे. ती भक्त नागरत्नम्मा दाखवते. बंदीला न जुमानणारी संपादिका तिच्यात दिसत नाही. त्यांची भक्ती खरी होती, म्हणूनच तिचा आडोसा करून त्यांचे बंड झाकणे अधिक अन्यायाचे आहे. सरस्वती महालाचे गोडवे गाणाऱ्या मराठी अभ्यासकाने मुद्दुपळनी वगळून तंजावरचा वारसा सांगू नये. आपल्या हातची कात्री खाली न ठेवता तेहरानच्या चादरीवर बोलण्याचा नैतिक अधिकार आपल्याला पोहोचत नाही.