पहिल्या ऐकण्याचा निकाल

प्रोग्रेसिव्ह रॉकचा गाजलेला अल्बम पहिल्यांदा ऐकणारा बहुधा चाल शोधतो, आणि तिथेच फसतो. ‘येस’ या इंग्लिश बँडचा १९७२चा ‘क्लोज टू द एज’ घ्या. पूर्ण अल्बममध्ये गाणी तीनच. रेकॉर्डची पहिली बाजू एकट्या शीर्षकगीताने, सुमारे १९ मिनिटांत, व्यापलेली. सुरुवातीला पाणी आणि पाखरं, मग गिटार, बास आणि ड्रम्स जणू एकमेकांशी भांडत अंगावर येतात. नवख्याला हा गोंधळच वाटणार, आणि त्यात त्याची चूक नाही. पण याच गाण्यात आधी लगबगीत आलेली धून शेवटाकडे भव्य होऊन परतते, आणि अखेर पुन्हा तीच पाखरं. ज्याला पहिली भेट आठवत नाही, त्याला परतणं कसं कळणार? हे संगीत स्मरणशक्तीवर उभं आहे. पहिलं ऐकणं ही फक्त पेरणी. आक्षेप जुनाच आहे: ही कसबाची मिरवणूक, आणि पंकवाल्यांनी ती १९७६-७७मध्ये झोडपलीही. या घराण्यातल्या बऱ्याच अल्बमांबाबत ते खरंही होतं. इथे मात्र मधल्या भागात सगळा वेग थांबतो, उरतात संथ गळे आणि मग रिक वेकमनचा चर्च ऑर्गन. नुसतं मिरवणाऱ्याला इतकं थांबवत नाही. शब्दांचा अर्थ लागत नाही ही तक्रारही रास्त, पण गायक जॉन अँडरसन शब्द नादासाठीही वापरतो. तेव्हा निकाल राखून ठेवा, आणि पहिली बाजू संपली की दुसरीकडे न जाता तीच पुन्हा लावा.