पक्षाघातानंतरचे उत्तरदायित्व

पक्षाघाताचा झटका आलेल्या रुग्णाला साडेचार तासांच्या आत सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात पोहोचविले, आणि मेंदूत रक्तस्राव झालेला नसून रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली आहे अशी खात्री पटली, तर गुठळी विरघळविणारे औषध देऊन मेंदूचा बराच भाग वाचविता येतो, ही गोष्ट आता आपल्या व्यवसायबंधूंना नव्याने सांगण्याची आवश्यकता उरलेली नाही. त्या पहिल्या काही तासांविषयी आपल्या सभा-परिषदांतून पुष्कळ चर्चा होते, आणि ती व्हावयासच हवी. परंतु रुग्ण वाचला, आठ-दहा दिवसांनी त्याला सुट्टी मिळाली, आणि नातेवाइकांनी त्याला जीपमध्ये आडवा घालून चोपडा, साक्री किंवा मुक्ताईनगर तालुक्यातील आपल्या गावी नेला, की पुढे त्याचे काय होते, हा प्रश्न मात्र आपण स्वतःला क्वचितच विचारतो. तो प्रश्न या अंकात आम्ही मुद्दाम पुढे मांडीत आहोत.

सुट्टीच्या कागदावर आपण काय लिहितो, ते एकदा तटस्थपणे वाचून पाहावे. औषधांची नावे व मात्रा त्यात बिनचूक असतात, आणि तळाशी ‘फिजिओथेरपी चालू ठेवणे’ व ‘पंधरा दिवसांनी दाखविणे’ अशा दोन ओळी असतात. ही फिजिओथेरपी कोणी द्यावयाची, ती तालुक्याच्या गावी मिळते की नाही, रुग्णाला तेथवर नेणार कोण, नाकातील नळी केव्हा काढावयाची, लघवीची नळी किती दिवस ठेवावयाची, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर बहुधा त्या कागदावर सापडत नाही. शहरातील सुशिक्षित कुटुंब चौकशी करून वाट काढते. परंतु ज्या घरातील कमावता माणूसच अंथरुणाला खिळला आहे, आणि कपाशीच्या वेचणीची मजुरी बुडवून बायको त्याच्या उशाशी बसली आहे, त्या घराला चौकशी कोठे करावी हेच उमगत नाही. मग ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणून कोणी मालिशवाला सुचवितो, कोणी झाडपाल्याचे औषध सुचवितो, रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी संपली की ती पुन्हा आणली जात नाही, आणि ज्या पहिल्या तीन महिन्यांत मेंदूची सावरण्याची शक्ती सर्वांत अधिक असते ते असेच निघून जातात. याचा दोष कुटुंबाच्या अज्ञानावर ढकलणे सोपे आहे, पण न्याय्य नाही.

खांद्याचेच उदाहरण घ्यावे. लुळ्या पडलेल्या बाजूचे स्नायू सैल झाले की हाताचे सारे वजन खांद्याच्या सांध्यावर लोंबकळू लागते, आणि सांधा आपल्या जागेवरून खाली सरकतो. अशा वेळी मुलगा वडिलांना उठवून बसविताना मायेपोटी तोच हात धरून ओढतो, किंवा काखेत हात घालून त्यांना वर उचलतो. थोड्याच दिवसांत खांदा इतका दुखू लागतो की रुग्ण कोणाला हात लावू देत नाही, आणि जो हात कदाचित भाकरी मोडण्यापुरता परत आला असता, तो छातीशी आखडून बसतो. हे टाळावयास कोणतेही यंत्र लागत नाही. रुग्णाला कुशीवर वळवावे, त्याचे पाय बाजेखाली सोडावेत, एक हात त्याच्या पाठीमागे खांद्याच्या फऱ्याखाली व दुसरा कमरेशी ठेवून त्याला बसते करावे, आणि बसल्यावर लुळा हात लोंबकळत न ठेवता उशीवर टेकवावा, एवढे शिक्षण सुट्टीपूर्वी खाटेजवळच देता येते. मात्र ते नुसते सांगून भागत नाही, आपल्या डोळ्यांदेखत मुलाकडून करवून घ्यावे लागते.

गिळण्याच्या बाबतीतही तेच. दाट पदार्थांपेक्षा पातळ पाणी व चहा अधिक धोक्याचे, कारण ते झपाट्याने घशातून श्वासनलिकेत उतरतात, ही गोष्ट नातेवाइकांना विपरीत वाटते. रुग्णाला ताठ बसवून मऊ, दाटसर खिचडी लहान चमच्याने द्यावी, ठसका लागला किंवा आवाज ओलसर घोगरा झाला की थांबावे, हे सांगावयास राहून गेले, तर पुढचा मुक्काम न्यूमोनियासाठी पुन्हा रुग्णालयातच होतो. मिठाचेही असेच आहे. शेवभाजी, पापड व लोणचे यांवर पोसलेल्या खानदेशी घराला ‘मीठ कमी करा’ एवढा मोघम सल्ला पुरत नाही. काय वगळावयाचे ते नावानिशी सांगावे लागते.

तथापि, कुटुंबाला शिकविले की आपले कर्तव्य संपले, असे समजणे ही पळवाट ठरेल. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अटेंड’ या अभ्यासात भारतातील १४ रुग्णालयांतील १२५० रुग्ण घेतले होते, आणि त्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या नातेवाइकांना पुनर्वसनाचे पद्धतशीर शिक्षण दिले होते. परंतु सहा महिन्यांनंतर मृत्यू व परावलंबन यांच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. आमच्या मते याचा अर्थ कुटुंब निरुपयोगी आहे असा नसून, थकलेल्या, कर्जात उतरलेल्या कुटुंबाच्या खांद्यावर सारा भार टाकून वैद्यकाने बाजूला होणे निरुपयोगी आहे, असा आहे. शिकविलेल्या घराच्या पाठीशी जाणते माणूस उभे असावे लागते, आणि ते हाकेच्या अंतरावर असावे लागते.

हे माणूस जवळचे असावे, याला आणखी एक कारण आहे. मेंदूच्या डाव्या गोलार्धाला इजा झालेल्या पुष्कळ रुग्णांची वाचा जाते. जो आयुष्यभर घरात अहिराणी बोलला, किंवा यावल-रावेरकडे बहिणाबाईंची लेवा गणबोली बोलला, किंवा सातपुड्यात पावरी बोलला, त्याची परीक्षा पुस्तकी मराठीत घेणे म्हणजे त्याच्यावर अन्याय करणे होय. ‘तुन्हं नाव काय शे?’ असे विचारणारा उपचारक त्याला तालुक्यातच भेटणे अधिक संभवनीय आहे. जिला एक वाक्य बोलता येत नाही अशी वृद्धा कित्येकदा जात्यावरची ओवी मात्र शब्दांसह गुणगुणते, आणि त्या सुराचा आधार घेऊन वाचोपचार सुरू करता येतो. परंतु ती ओवी कोणती, हे तिच्या गावच्या माणसालाच ठाऊक असते.

आता साधनांविषयी. आपल्या दोन जिल्ह्यांत काहीच नाही, ही तक्रार अर्धीच खरी आहे. धुळ्यात १९८८ पासून आणि जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाची मोजणी व गोळ्या यांची तजवीज आहे. गावागावात आशा कार्यकर्ती आहे. आणि तालुक्याच्या बहुतेक ठिकाणी खासगी फिजिओथेरपिस्ट बसू लागले आहेत. सरकारी दप्तरातही सोयी आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यान्वये अर्धांगाच्या रुग्णाला दाखला मिळू शकतो, मात्र त्याची तपासणी झटक्यानंतर सहा महिन्यांनी होते, आणि नेमक्या त्याच सुमारास रुग्ण आपल्या दृष्टिआड झालेला असतो. त्याच दाखल्यावर एस.टी.च्या भाड्यातील सवलत आणि तहसील कचेरीतील संजय गांधी निराधार अनुदानाचा अर्ज अवलंबून असतो. सुट्टीपूर्वी रक्ततपासणीचाही विचार हवा. सातपुड्याच्या पट्ट्यातील भिल्ल व पावरा समाजात सिकलसेलचा आजार आढळतो. तेव्हा तेथील तरुणाला झटका आला असता त्या दिशेने रक्ततपासणी झाल्यावाचून त्याला घरी पाठवू नये. सारांश, दुवे आहेत, परंतु ते एकमेकांत अडकविलेले नाहीत. आणि ते अडकविण्याचे काम रुग्णाचे नव्हे, नातेवाइकाचे नव्हे, तर सुट्टीच्या कागदावर सही करणाऱ्याचे आहे.

म्हणून आमची वाचकांना विनंती आहे. जळगाव जिल्ह्याचे १५ व धुळे जिल्ह्याचे ४, असे एकूण १९ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यातील व्यवसायबंधूंनी एकत्र बसून एकपानी यादी करावी: घरी जाऊन व्यायाम देणारे कोण, नळी बदलणारी परिचारिका कोण, हवेची गादी व वॉकर भाड्याने कोठे मिळतो, दाखल्याची तपासणी कोणत्या वारी होते, निराधार योजनेचा अर्ज कोणत्या टेबलावर द्यावयाचा. २९ ऑक्टोबरच्या जागतिक पक्षाघात दिनापूर्वी हाती आलेल्या याद्या आम्ही क्रमाने छापू, आणि दरवर्षी त्या दुरुस्त करू. तोवर प्रत्येकाने निदान एक शिरस्ता पाळावा: रुग्णाला पुढे सांभाळणाऱ्या माणसाचे नाव व गाव लिहिल्यावाचून, आणि त्या माणसाशी स्वतः फोनवर बोलल्यावाचून, पक्षाघाताच्या रुग्णाच्या सुट्टीच्या कागदावर सही करू नये.