परसबाग : पाडव्याच्या लिलीसाठी कुंडी आत्ताच भरा



संक्रांत झाली. तूर घरात आली, हरभऱ्याचे घाटे भरत आहेत, शाळू कणसात आहे. या धांदलीतून तासभर काढता आला तर तो या आठवड्यात कुंडीसाठी काढा. पाडव्याच्या आसपास दारात फूल पाहिजे असेल तर कंद आत्ता मातीत गेला पाहिजे.

कंद कोणता, हे आधी पाहू. शहरातल्या प्रदर्शनात ट्यूलिपचे कंद सुरेख चित्रांच्या पाकिटात मिळतात. ते घेऊ नका. ट्यूलिपला फुलण्यापूर्वी तीन-चार महिने ९ अंशांच्या खालची थंडी लागते. श्रीनगरला दल सरोवराजवळ २००७ साली सुरू झालेल्या मोठ्या ट्यूलिप बागेत ती थंडी आयती मिळते. आपल्या तलवाड्यात पौषातही दुपारी सदरा नकोसा होतो. गुलछडी आपल्याकडे उत्तम येते, पण ती उन्हाळ्यात लावायची आणि पावसाळ्यात फुलायची. चैत्रात फुलणारा आपला कंद म्हणजे लाल लिली. रोपवाटिकेत तिला ॲमरिलिस म्हणतात. दांड्यावर कर्ण्यासारखी दोन ते चार मोठी फुले येतात.

कंद घट्ट, जड आणि लिंबापेक्षा मोठा निवडावा. दाबून पाहावा, मऊ लागला तर परत करावा. कुंडी आठ इंची पुरे. तेलाचा जुना डबाही चालतो, मात्र त्याच्या बुडाला चार-पाच भोके हवीत. भोकांवर विटेचे तुकडे ठेवा. आपली नुसती काळी माती भरू नका. ती पाणी धरून ठेवते आणि कंद कुजतो. एक भाग माती, एक भाग भरड वाळू, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड असे मिश्रण करा. कंद पुरा गाडायचा नाही. त्याचा मानेकडचा तिसरा हिस्सा उघडा राहू द्या. बहुतेक घरी इथेच चुकते. कांद्याच्या रोपासारखा तो खोल दाबला जातो.

लावल्यावर एकदा पाणी द्या. मग कोंब दिसेपर्यंत माती वरून सुकली की थोडेसेच. साधारण सहा ते आठ आठवड्यांत दांडा वर येतो. सकाळचे ऊन हवे, दुपारचे नको. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असली तरी डाळ-तांदूळ धुतलेले पाणी एवढ्या कुंडीला पुरते.

आता मुख्य गोष्ट. “पहिल्या वर्षी फुलली, पुढे नुसती पाने,” अशी तक्रार गावोगाव ऐकू येते. पुढच्या वर्षाची कळी कंदाच्या पोटात आदल्या हंगामातच तयार होते, साधारण चार पानांमागे एक. म्हणून फूल सुकले की फक्त दांडा कापा, पाने कापू नका. पावसाळाभर महिन्यातून एकदा शेणखताची ओंजळ द्या. काळ्या अंगावर लाल-पांढरे ठिपके असलेली अळी याच दिवसांत येते आणि दोन रात्रींत पाने फस्त करते. फवारणीच्या भानगडीत पडू नका. अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका. दिवाळीनंतर पाणी तोडा आणि कुंडी वळचणीला आडोशाला ठेवा. पाने वाळतील. कंद मेला असे समजून कुंडी उकिरड्यावर ओतू नका, तो विश्रांती घेतो आहे. संक्रांतीनंतर वरची दोन बोटे माती बदलून पुन्हा पाणी सुरू करा.

कडेला पिल्ले आली असतील तर ती याच वेळी सोडवून वेगळी लावावीत. त्यांना फुलायला दोन-तीन वर्षे लागतात. शेजारणीला द्यायची तर तेवढे सांगून द्या, नाहीतर ती तुम्हाला बोल लावील.

आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगा. हा कंद हुबेहूब कांद्यासारखा दिसतो, पण तो विषारी आहे. काढलेले कंद कांद्याच्या टोपलीत किंवा चुलीजवळ कधीही ठेवू नयेत. वेगळ्या फडक्यात बांधून, मुलांचा हात पोहोचणार नाही असे उंच टांगावेत. कुंडीही शेळी-वासराच्या तोंडापासून लांब असावी. चुकून कंद पोटात गेला तर मळमळ, उलट्या, जुलाब होतात. अशा वेळी मीठ-पाणी पाजून मुद्दाम उलटी करवू नका. उरलेला तुकडा बरोबर घेऊन माणसाला तडक दवाखान्यात न्या, म्हणजे काय खाल्ले ते डॉक्टरांना लगेच कळेल.